मार्करची लेक

दसरा होऊन गेला की शिरूरला असं काही ऊन पडतं, की मधे पावसाळा होऊन गेला हे खरं वाटत नाही. घोडनदीचं पाणी तेवढं गढूळ असतं, बाकी सगळं कोरडं ठणठणीत. ऊसतोडीच्या टोळ्या रस्त्याला लागतात, नगर रस्त्यावरून कंपन्यांच्या बसगाड्या धूळ उडवत जातात आणि माझे तळपाय जळजळायला लागतात. डॉक्टर म्हणतात, पित्त आहे. डॉक्टरांना ऐन दुपारी अनवाणी टेनिस खेळायला कुणी लावलं नव्हतं, तेव्हा त्यांनी पित्त म्हणावं हे ठीकच आहे.

या वर्षी तळपायांच्या जोडीला आमच्या मुख्याध्यापिकाही मागे लागल्या. शाळेच्या जवळच एका कंपनीच्या अधिकाऱ्यांची वसाहत झाली आहे. तिथे निळंशार टेनिस कोर्ट बांधलंय आणि आठवड्यातून एक दिवस ते आमच्या मुलांना वापरायला देणार आहेत. "तुम्ही खेळाच्या शिक्षिका. आठवीच्या मुलांना वीस मिनिटं टेनिसची ओळख करून द्या. उगम वगैरे सांगा. मुलांना उगम आवडतो," बाई म्हणाल्या. मुलांना उगम आवडतो हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं. पण सांगितलेलं काम निमूट करायचं, ही आमच्या घरची जुनी खोड आहे. मी वही घेऊन बसले.

टेनिसचा उगम फ्रान्समध्ये, असं मी लिहिलं. तिथल्या मठांमधले साधू अंगणात चेंडू मारत. रॅकेट नव्हती, उघड्या तळहाताने मारायचे. तळहात सुजायला लागले तेव्हा हातमोजे आले, मग हातमोज्यांवर दोऱ्या गुंडाळल्या, मग लाकडी फळी आली आणि फार उशिरा आतड्याची तात लावलेली रॅकेट. देवाचं नाव घ्यायचं सोडून हे काय चाललंय, म्हणून वरच्या धर्मगुरूंनी बंदी घातली. बंदी घातल्यावर जे होतं तेच झालं. खेळ मठाच्या भिंतीवरून उडी मारून थेट राजवाड्यात गेला.

राजांना मात्र तो लाभला नाही. एक राजा खेळून तापला, घटाघटा गार प्यायला आणि त्यातच गेला म्हणतात. दुसरा टेनिस बघायला निघाला होता, वाटेत दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं आणि काही तासांत आटोपला. तिसऱ्याची गोष्ट सगळ्यात वाईट. त्याचे चेंडू सारखे एका गटारात जायचे म्हणून त्याने गटाराचं तोंड बुजवून घेतलं. काही दिवसांनी मारेकरी आले, तेव्हा पळायला तीच एक वाट होती. आठवीच्या मुलांना हे आवडेल, म्हणून मी तिन्ही राजे लिहून काढले.

मग पुढे लिहिलं, की राजे लोक खेळायचे तेव्हा पहिला चेंडू ते स्वतः टाकत नसत. ते नोकराचं काम. नोकराने चेंडू नीट, मारता येईल असा टाकायचा आणि मग राजाने खेळायचं. त्या पहिल्या फटक्याला आजही सर्व्हिस म्हणतात, ते म्हणे त्यावरूनच. आणखी एक माणूस कडेला उभा असायचा. तो गुण पुकारायचा, चेंडू शिवून ठेवायचा, राजाला जोडीदार नसला तर समोर उभा राहायचा. त्याला मार्कर म्हणत.

हा शब्द लिहिला आणि पुढचं काही सुचेना. माझे वडील मार्कर होते.

साधू, राजे, गोऱ्यांच्या छावण्या असा प्रवास करत हा खेळ आणि हा शब्द दोन्ही आपल्याकडे आले. दौंडला रुळांच्या पलीकडे, कडुनिंबांच्या गर्दीत साहेब लोकांचा एक जुना क्लब होता. इंग्रज गेले, पण साहेब राहिले. रोज संध्याकाळी साहेबासमोर उभं राहायला दुसरा साहेब कुठून आणायचा? म्हणून एक पगारी माणूस ठेवलेला असे. त्याने कोर्ट राखायचं, नेट बांधायचं, चुन्याची फक्की मारून रेषा आखायच्या आणि साहेब आला की त्याच्याशी खेळायचं. आप्पा तो माणूस होते. क्लबच्या मागच्या दोन खोल्यांत आई, आप्पा आणि मी राहायचो. गाड्यांच्या शिट्ट्या आणि बॉलचा टप् टप् आवाज, या दोन्ही आवाजांशिवाय मला झोप यायची नाही.

आप्पा कसे खेळायचे, हे सांगायला माझ्याकडे धड शब्द नाहीत. कोर्टात कुठेही रुमाल टाका, बॉल रुमालावर पडायचा. पण त्यांची खरी विद्या वेगळीच होती. कुठल्या साहेबाचा गुडघा दुखतो, कोणाला उजव्या हाताला कमरेइतका बॉल लागतो, कोणाला घरी भांडण झालं की जोरात मारायला आवडतं, हे त्यांना पाठ होतं. ते म्हणायचे, "सायबाच्या हातात बॉल द्यायचा. आन् दिलाय आसं सायबाला वाटाय नको." हरायचं तर थोडक्यात हरायचं. सपशेल हरलं तर साहेबाला संशय येतो. अधूनमधून एखादा गेम जिंकायचा, भाजीत मीठ टाकावं इतपत. आणि सगळ्यात मोठा नियम एकच, बॉल मरू द्यायचा नाही. चालू राहिला पाहिजे. साहेब घामाघूम होऊन, खूश होऊन घरी गेला पाहिजे.

मला त्यात काहीच वावगं वाटायचं नाही. उलट अभिमान वाटायचा. साहेब जिंकून जायचे आणि मी मनात म्हणायचे, तुम्हाला जिंकवलं कुणी ते विचारा.

पावसाळाभर कोर्ट बंद असायचं. गवत माजायचं, शेवाळ धरायचं. नवरात्र बसलं की आप्पा कुदळ घेऊन उतरायचे. वरचा थर खरवडायचा, मुरूम पसरायचा, त्यावर चाळलेली लाल माती, मग पाणी, मग दगडी रोलर. रोलर आम्ही दोघं ओढायचो, आप्पा आणि मी, मानेला पट्टा लावून. आणि सगळं चोपून बसलं की आईची पाळी. आई शेणकाला करायची. शेण कालवून, फडक्यातून गाळून, ताकासारखं पातळ. मग खराट्याने एका कडेने सारवत यायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कंबरेत वाकून. दोन दिवस वाळलं की पुन्हा एक हात. तिसऱ्या हाताला कोर्ट गुळगुळीत, हिरवट करडं दिसायला लागायचं. साता समुद्रापलीकडे म्हणे हा खेळ हिरवळीवर खेळतात, कुठे विटांच्या भुकटीवर खेळतात. दौंडला शेणाने सारवलेल्या अंगणात खेळायचे.

मग चुना चाळायचा, तोही आईनेच. चुन्याने आईच्या बोटांना चिरा पडायच्या, त्यात शेण जायचं, रात्री ती हातांना खोबरेल लावून बसायची. साहेब खेळायला लागले की तिने कोर्टाकडे फिरकायचं नाही, असा रिवाज होता. कुणी तो लिहून ठेवलेला नव्हता, पण होता. आई गेली तोपर्यंत तिने टेनिसचा एकही सामना पाहिला नव्हता. हे आठवलं की मला अजून संताप येतो आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

ज्या ऑक्टोबरबद्दल मी हे सगळं सांगते आहे, त्या वेळी मी एकोणीस वर्षांची होते. दोन गोष्टी एकदमच आल्या. एक शिरूरचं स्थळ. मुलाचं वह्यापुस्तकांचं दुकान, घरची दोन एकर शेती, माणसं बरी. दुसरी, पेपरातली जाहिरात. एका सरकारी खात्यात खेळाडूंची भरती होती, त्यात महिला टेनिसची एक जागा. निवड चाचणी पुण्याला, दिवाळीनंतर. निवड झाली तर नोकरी, आणि नोकरीपेक्षा मोठं म्हणजे खात्याच्या संघातून खेळायचं, गावोगावच्या स्पर्धांना जायचं.

आप्पांनी पाहुण्यांना सांगितलं, "पोरीची परीक्षा हाय. पास झाली तर आमी न्हाई म्हनू. न्हाई झाली तर तुळशीच्या लग्नानंतर बार उडवून टाकू." पाहुण्यांना वाटलं, बारावीची असेल.

साहेब खेळायचे सकाळी आणि संध्याकाळी. आम्हाला कोर्ट मिळायचं ते भर दुपारी. नव्या सारवणावर बुटांनी पोपडे निघतात, म्हणून अनवाणी. एका साहेबांनी टाकून दिलेली जुनी लाकडी रॅकेट माझ्याकडे होती. तिच्या दांड्याला आप्पांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दिली होती. तळव्यांची आग व्हायची, डोळ्यांत घाम जायचा, पण एकदा बॉल सुरू झाला की मला दुसरं काही कळायचं नाही. आम्ही बापलेक बॉल मरू द्यायचो नाही. शंभराच्या वर फटके जायचे. आई खोलीच्या दारातून ओरडायची, "आरं, भाकरी गार झाली, खेळताय का चक्कीवर दळताय?" आप्पा हसायचे आणि पुढचा बॉल द्यायचे. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं काय, असं कुणी विचारलं तर मी त्या दुपारी सांगीन. नवऱ्यालाही मी हे सांगितलं होतं. तो बिचारा म्हणाला, बरं.

चाचणीला आठवडा उरला असताना एक साहेब दुपारीच क्लबात आले. वयस्कर, सभ्य माणूस. आप्पांना "अहो" म्हणायचा. कडेच्या बाकावर बसून त्यांनी आमचा खेळ बराच वेळ पाहिला. निघताना म्हणाले, "हात फार सुरेख आहे मुलीचा. पण ही पॉइंट कधी घेणार?"

आप्पा हसले. मीही हसले. साहेब गेले. मग आप्पांच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरत गेलं आणि मला भीती वाटायला लागली.

"ये," ते म्हणाले. "हुभी ऱ्हा तिकडं. मी बॉल टाकतो, तू माझ्यापास्नं लांब मार. त्या कोपऱ्यात."

त्यांनी टाकला. मी मारला. बॉल त्यांच्या रॅकेटवर गेला.

"लांब म्हनलं की गं!"

पुन्हा तेच. दहादा, वीसदा. मला कोपरा दिसत होता. तिथे पोचेल एवढी ताकद हातात होती. पण फटका सुटायच्या क्षणी हात आपोआप वळायचा आणि बॉल आप्पांच्या उजव्या हाताला, कमरेइतक्या उंचीवर जाऊन बसायचा. लहानपणापासून दिवसाला शेकड्यांनी हेच केलं होतं. मी रडकुंडीला आले.

"आसं न्हाई. बघ, मी दावतो," ते म्हणाले. "तू टाक. मी लांब मारतो."

मी टाकला. आप्पांनी मारला आणि बॉल माझ्या हातात आला. त्यांनी मान हलवली, पुन्हा खूण केली. पुन्हा माझ्या हातात. मग ते चिडले, त्यांनी जोरात मारला. तो आणखी वेगाने, पण नेमका माझ्या हातात. रुमालावर बॉल पाडणारा माणूस, पण समोर माणूस उभं असलं की त्याला चुकवून मारणं त्यांना जमेना. समोरच्या रिकाम्या कोर्टाकडे ते बघत होते, आपल्याच घराची वाट हरवल्यासारखे. मग खाली वाकून त्यांनी पायाखालचा निघालेला एक पोपडा उगाच दाबून बसवला.

"तू जा घरात," ते म्हणाले. "ऊन लागंल."

त्यानंतरचे सहा दिवस त्यांनी समोर उभं राहणं सोडलं, कोपऱ्यांत रिकामे डबे ठेवले आणि मला डब्यांवर मारायला लावलं. डब्यांवर माझा बॉल बरोबर बसायचा. आम्हा दोघांनाही वाटलं, जमलं.

पुण्याला कोर्ट सिमेंटचं होतं. मी मागून आणलेले कॅनव्हासचे बूट घातले होते, ते पुढून सैल होते. समोरची मुलगी पुण्याचीच, माझ्याच वयाची, पांढऱ्या कपड्यांतली. तिची रॅकेट इतकी हलकी दिसत होती की ती हातात नसल्यासारखीच वाटायची. गोड मुलगी होती. तिने मला पाणी हवंय का विचारलं.

आठवीच्या मुलांसाठी मी लिहिलंय, की जुन्या काळी फ्रान्समध्ये चेंडू खेळात टाकण्याआधी समोरच्याला "घ्या" म्हणून हाक द्यायची पद्धत होती आणि त्या हाकेवरूनच टेनिस हे नाव पडलं असावं. आप्पाही रोज पहिला बॉल टाकताना म्हणायचे, "घ्या साहेब." त्या दिवशी मी तोंडाने काही म्हणाले नाही, पण दोन्ही सेटभर मी त्या मुलीला घ्याच म्हणत होते. ती मला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळवायची. मी पोचायचे. मी सगळ्या बॉलना पोचायचे. आणि पोचून बॉल नेऊन तिच्या हातात द्यायचे, कमरेइतका, उजवीकडे, तिला आवडेल तसा. डबे नव्हते, माणूस होतं समोर. कडेची माणसं टाळ्या वाजवत होती, कारण इतके लांबलेले पॉइंट त्यांनी दिवसभरात पाहिले नव्हते. जाळीपलीकडे आप्पा उभे होते. टाळ्या वाजल्या की ते इकडेतिकडे बघायचे आणि मग खाली बघायचे.

मी हरले. थोडक्यात नाही, चांगलीच हरले. आमच्या धंद्याच्या हिशेबाने तेही चुकलंच.

मी बूट सोडत बसले होते, तेवढ्यात निवड समितीतल्या एक बाई आमच्याकडे आल्या. पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. आप्पांना म्हणाल्या, "तुमची मुलगी का? निवड तर नाही होणार. पण हिच्यासारखा बॉल देणारं कुणी मला आजवर मिळालं नाही. आमच्या मुलींचा सराव सुरू होतोय. त्यांच्यासमोर खेळायला पाठवा हिला. हॉस्टेलला राहील, जेवणखाण, मानधनही देऊ. टेनिसमध्येच राहील ती."

माझ्या काळजात एकदम उजेड पडला. खोटं कशाला बोलू? मी मान वर करून आप्पांकडे बघितलं. मला जायचं होतं. संघ नको, नाव नको, जिंकणं नको. रोज कोर्टावर उभं राहायला मिळणार होतं, एवढंच मला ऐकू आलं होतं.

आप्पांनी हात जोडले. आयुष्यभर त्यांनी साहेबांना हात जोडले होते, पण ते वेगळे. "न्हाई म्याडम," ते म्हणाले. "घरात एक मार्कर हाय. तेवढा बास झाला."

बाईंना मार्कर शब्द कळला की नाही, कोण जाणे. त्या म्हणाल्या, विचार करा. आप्पा म्हणाले, केला.

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. उरुळी गेलं, यवत गेलं, केडगाव गेलं. उसाच्या फडांवर ऊन होतं. पाटस सोडल्यावर मी म्हणाले, "मला इचारायचं तरी." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुला इचारलं आसतं तर तू व्हय म्हनली आसतीस." एवढंच. तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न झालं. न्हावऱ्यावरून जाणाऱ्या रस्त्याने, भाड्याच्या जीपमधून, मी दौंडची शिरूरला आले. वर्षभर मी आप्पांशी धड बोलले नाही. आईने निरोप धाडले, तरी नाही.

लोकांना खेळाची आयुष्याशी तुलना करायला फार आवडतं. बक्षीस समारंभात दरवर्षी कुणी ना कुणी पाहुणा ती करतोच. मी करणार नाही. माझं आयुष्य ठीक गेलं. नवऱ्याने मला शिकवलं, खेळाच्या शिक्षणाची पदवी घ्यायला लावली, शाळेत नोकरी लागली. कबड्डी, खो-खो, लंगडी, सगळं शिकवलं. शाळेत टेनिस नव्हतं आणि मी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पण दरवर्षी दसरा झाला, ऊन तापलं, कुठे अंगण सारवल्याचा ओला वास आला, की मला आप्पांचा राग यायचा. इतका, की मी भांडी आपटायचे. निवड झाली नाही याचा राग कधीच नव्हता. तो "न्हाई म्याडम" मला खुपत राहिला. माझ्या तोंडातला घास त्यांनी त्यांच्या मानासाठी काढून घेतला, असं मला वाटायचं. आजही पूर्ण गेलेलं नाही ते.

क्लब बंद पडला, आई गेली, तेव्हा मी आप्पांना इकडे घेऊन आले. आता त्यांनी ऐंशी ओलांडलीय. मोतीबिंदू, उजव्या कोपरात कायमचा ठणका, तो हात सरळ होत नाही. दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना रामराम घालतात. वही लिहून झाली त्या संध्याकाळी मी त्यांना राजांच्या गोष्टी वाचून दाखवल्या. गटार बुजवणाऱ्या राजाला ते म्हणाले, "येडाच." मग राजासाठी चेंडू टाकणाऱ्या नोकराचं वाचलं.

"त्याचं नाव काय व्हतं?"

"न्हाई लिहिलेलं कुठं."

"व्हय, ते न्हाईच लिहीत," आप्पा म्हणाले आणि चहा मागितला.

वीस मिनिटांचं भाषण बरं झालं. मुलांनी मेलेले राजे लक्षात ठेवले. नंतर वसाहतीतल्या त्या निळ्या कोर्टावर मुलांना घेऊन गेले. तिथला कोच तरुण पोरगा आहे, मूळचा उत्तरेकडचा, हिंदी-मराठीची खिचडी बोलतो. त्याने गंमत म्हणून माझ्या हातात रॅकेट दिली आणि समोर एका अधिकाऱ्याच्या मुलीला उभं केलं. मी इतक्या वर्षांत रॅकेट धरली नव्हती. पहिले दोन बॉल नेटमध्ये गेले. तिसरा त्या मुलीच्या उजव्या हाताला, कमरेइतका जाऊन बसला. चौथा तसाच. पाचवा तसाच. मुलगी खिदळायला लागली. तिचे फटके तिला आयुष्यात पहिल्यांदा इतके छान लागत होते.

"मॅडम, क्या कंट्रोल है!" कोच म्हणाला. "सकाळी येता का रोज? मुलांना समोर कुणी पाहिजेच. मी एकटा किती जणांना पुरणार?"

हो म्हणायला मला श्वासाइतकाही वेळ लागला नाही.

तेव्हापासून मी रोज उजाडता उजाडता जाते. आप्पांना सांगते, फिरायला जाते. कंपनीतल्या साहेबांची मुलं समोर येतात, कधी साहेबही येतात. एकाचा गुडघा दुखतो. एकाला उंच बॉल झेपत नाही. मला आता सगळ्यांचं सगळं पाठ झालंय. मी हरते, थोडक्यात. ते खूश होऊन जातात आणि मीही खूश होऊन घरी येते. या वयात मला हे सुख मिळतंय आणि त्याची लाज वाटते, आणि लाज वाटत असूनही मी दुसऱ्या दिवशी गजर व्हायच्या आधी उठलेली असते. खरं सांगायचं तर मला अजूनही तो रिकामा कोपरा दिसतो. अजूनही हात तिकडे जात नाही.

काल सकाळी परत आले तेव्हा आप्पा ओट्यावर बसले होते. उठायला त्यांनी हात पुढे केला, मी माझा उजवा हात दिला. ते उठले नाहीत, मीच शेजारी बसले. त्यांचा अंगठा माझ्या तळहातावर फिरत होता, करंगळीच्या खाली, जिथे रॅकेटचा दांडा टेकतो तिथे. घट्टा नुकताच धरायला लागलाय. डोळ्यांना दिसत नाही, पण हे त्यांना डोळ्यांनी बघायची गरजच नव्हती.

"कुनाबरं खेळतीस?"

"कंपनीच्या सायबांची पोरं हायेत. आन् साहेब बी येत्यात."

"जिंकतीस?"

"न्हाई, आप्पा."

रस्त्याने कंपनीची बस गेली. धूळ ओट्यापर्यंत आली. माझा हात त्यांच्या हातातच होता.

"उद्या जानार हाईस?"

"व्हय."

त्यांनी मान हलवली. मग माझा हात हळूच माझ्या मांडीवर ठेवला आणि मी नेमकी कुठे बसले आहे ते न दिसणाऱ्या डोळ्यांनी शोधत त्यांनी विचारलं,

"मंग तवा मी न्हाई म्हनलो, ते कशापायी गं?"